गरम फरशीवरची बारा मिनिटं

११ मार्च

धाकटे,

पाकीट पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी 'कशी आहेस' म्हणतो, तू 'साखर किती आली' विचारतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

बातमी अशी की मी 'मोकळी पावलं मंडळा'चा सभासद झालो आहे. घरामागच्या बागेत पस्तीस माणसं रोज चपला काढून चालतात. आधी गवत, मग वाळू, मग गोटे, मग खडी आणि शेवटी काळ्या फरशा. डॉक्टर लोक सकाळी सातला चाला म्हणतात. आमची वेळ अकराची, कारण फरशा तापायला हव्यात. मंडळ चालवणारे गृहस्थ पूर्वी फरशांचा व्यापार करायचे. दुकान बंद झालं तेव्हा माल उरला आणि त्यातून हा विचार निघाला. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अकरा वर्षं त्यांनी पायात काही घातलेलं नाही.

खडीवर लोक कसे चालतात ते एकदा बघ. निवृत्त न्यायाधीश बाई पावलापावलाला 'अगं आई गं' करतात, बँकेचे माजी मॅनेजर बगळ्यासारखा एकेक पाय वर धरून उभे राहतात. मी पहिल्याच दिवशी सतरंजीवरून जावं तसा सरळ चालत गेलो. मास्तर थबकले. म्हणाले, "तुमचं देहभान सुटलंय. लोकांना याला दहा वर्षं लागतात." दुसऱ्या आठवड्यात मला 'अढळ' ही पदवी मिळाली. आता बागेत सगळे मला अढळजी म्हणतात.

चौतीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. मी बाजारात शिरलो की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. निवृत्त झालो आणि महिन्याभरात भाजीवाल्यानं माझ्या डोळ्यांदेखत पारड्याला अंगठा लावला. असो. बागेत मला मान आहे.

आणि तुझ्या माहितीसाठी, मागच्या वर्षी पायांत ज्या मुंग्या यायच्या, सुया टोचायच्या, पलंगावर पडलं की आग व्हायची, ते सगळं बंद. पूर्ण बंद. त्यामुळे साखरेच्या गोळ्या मी अर्ध्यावर आणल्या आहेत. मास्तर म्हणतात, तळवा मातीला लागला की साखर जमिनीत उतरते.

तुझा,
दादा (अढळ)


१८ मार्च

दादा,

साखर किती आली?

तुझा कागद मध्येच बोलत नाही, माझा पहिल्या ओळीतच बोलतो.

साखर जमिनीत उतरते हे वाचून आमच्या विभागात आनंदीआनंद झाला. मधुमेह झालेल्यांच्या पायांची मलमपट्टी करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, पण इतका सोपा उपाय कोणी सांगितला नव्हता. एवढी माणसं अनवाणी चालतात म्हणजे तुमच्या त्या बागेत आतापर्यंत ऊस उगवायला हवा होता.

गेल्या महिन्यात एक ट्रकचालक आला होता. सकाळपासून हत्यारांच्या पेटीची किल्ली शोधत होता. संध्याकाळी बूट काढला तेव्हा किल्ली बुटातून खणकन पडली. दिवसभर तिच्यावर उभा होता, तळव्यात खड्डा पडला होता, आणि त्याला पत्ता नव्हता. तोही अढळच म्हणायचा.

आता माझं एक काम कर. डोळे मिटून आडवा हो. वहिनींना सांग, दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना बोटाचं टोक एक-दोन सेकंद हळूच टेकवायचं. दाबायचं नाही, क्रम लावायचा नाही. कळलं की तू डावा की उजवा ते सांगायचं. सहापैकी दोन चुकली तरी चप्पल घालून थेट डॉक्टर गाठ. सहाच्या सहा बरोबर आली तरीही गोळ्या पूर्ण घे, त्या अर्ध्या करायच्या की नाही ते डॉक्टरांना ठरवू दे.

धाकटी


२ एप्रिल

धाकटे,

सहापैकी सहा. समक्ष तपासणी झाली, साक्षीदार तुझी वहिनी. विषय संपला.

तुमच्याकडे बिघडलेलेच पाय येतात, म्हणून तुला सगळेच पाय बिघडलेले दिसतात. पोलिसाला दारात आलेला पाहुणासुद्धा संशयितच वाटतो, तसं आहे हे.

येत्या बारा तारखेला मंडळाचं वार्षिक प्रात्यक्षिक आहे. दुपारी एक वाजता मी तापलेल्या फरशीवर न हलता उभा राहणार आहे. आजवरचा विक्रम साडेचार मिनिटांचा. तो एका पाव भाजणाऱ्या भट्टीवाल्याच्या नावावर आहे आणि त्याला उष्णतेची सवय असल्यामुळे मास्तर तो अर्धाच धरतात. फलकावर माझं नाव लिहून झालंय. मी दाढीचा साबणसुद्धा नवा आणलाय.

दादा


५ एप्रिल

वन्सं,

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. तपासणीचा निकाल आला असेलच तुमच्याकडे.

सहापैकी सहा आली हे खोटं नाही. पण हे कपाटाच्या आरशासमोर आडवे झाले होते, आणि डोळे मिटले म्हणजे किलकिले केले होते. उभं आयुष्य दुसऱ्यांचे तराजू तपासले आणि स्वतःच्या वेळी पारड्याला अंगठा लावला. काल हे पेपर वाचत असताना मी खुर्चीखालचा केर काढायच्या निमित्तानं खाली बसले आणि सहाही बोटांना हात लावून पाहिला. एकदाच पेपर खाली झाला, तोही "झाडू बाजूला घे" म्हणायला. उजवी करंगळी होती ती. बाकीच्या पाच बोटांचं यांना काहीच कळलं नाही.

आठवड्यातून दोनदा तरी यांची एक चप्पल स्वयंपाकघरात सुटून पडते आणि हे दुसरी घालून घरभर हिंडतात. विचारलं तर म्हणतात, "मनाची एकाग्रता आहे." चालणं झालं की मंडळात मधाचं पाणी देतात, हे दोन पेले पितात. मध नैसर्गिक असतो म्हणे. मुतखडाही नैसर्गिकच असतो, पण मला तेव्हा सुचलं नाही.

तरी एक सांगू का? निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं हे खिडकीशी बसून होते. दाढी चार-चार दिवस वाढलेली. आता दहा वाजता इस्त्रीचा सदरा घालून तयार असतात. येताना शीळ घालतात. त्या फरशीवरून यांना खाली उतरवेन मी, पण मग उभं कुठे करू, ते मला सुचत नाहीये.

तुमची,
वहिनी


९ एप्रिल

दादा,

या पत्रात एकही विनोद नाही. फोन केला तर तू स्वतःच उचलून "आवाज येत नाही" म्हणालास आणि ठेवलास, म्हणून लिहितेय.

तुझ्या मुंग्या बऱ्या झालेल्या नाहीत. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि ज्या सगळ्यात लांब असतात त्या आधी, म्हणजे पायांच्या बोटांच्या. नस खराब होताना तक्रार करते. मुंग्या, सुया, आग म्हणजे ती तक्रारच. मग एक दिवस ती गप्प होते. तक्रार थांबली म्हणजे माणूस सुखी झाला, असं तुझ्या खात्यात धरत असतील, आमच्यात नाही.

जे गेलं ते बहुतेक परत येत नाही, दादा. उरलंय ते मात्र टिकवता येतं, आणि बरीच वर्षं टिकवता येतं. साखर ताब्यात ठेव, तळवे रोज बघ, घरातसुद्धा अनवाणी फिरू नकोस. आता तुझ्या पायाला खिळा लागला, काच लागली, चटका बसला तरी तुला कोणी सांगायला येणार नाही. तुलाच रोज जाऊन विचारावं लागेल.

बारा तारखेला फरशीवर उभा राहू नकोस. हात जोडून सांगते. इथे दोघी रजेवर आहेत, मला वीस तारखेच्या आत निघता येत नाही, नाहीतर मी स्वतः येऊन तुझ्यापुढे उभी राहिले असते.

आणि वहिनींनी मला काहीही लिहिलेलं नाही.

धाकटी


१३ एप्रिल

धाकटे,

बारा मिनिटं.

तुझं पत्र काल सकाळीच मिळालं. पाकीट जाड वाटलं, म्हणून कार्यक्रमानंतर वाचायचं ठरवलं. अजून वेळ झालेला नाही.

शंभर-सव्वाशे लोक होते. मी हात मागे बांधून उभा राहिलो. पाच मिनिटं झाली तेव्हा कुजबुज थांबली. आठ झाली तेव्हा न्यायाधीश बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भट्टीवाल्यानं फरशीला हात लावून पाहिला, झटकन मागे घेतला आणि त्याच हातानं टाळ्या वाजवल्या. बाराव्या मिनिटाला मास्तर म्हणाले, "आता उतरा, अढळजी, बाकीच्यांनाही संधी द्या." कोणी पुढे आलं नाही.

डाव्या तळव्याला जरा पाणी धरलंय. मास्तर म्हणतात, आतली उष्णता बाहेर पडतेय. झाडपाल्याचा लेप दिलाय. दुखत अजिबात नाही.

दादा


२४ मे

धाकटे,

तू परत गेल्यानंतरचं हे पहिलं पत्र. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये आहे. जखमेवर भार येऊ नये म्हणून घातलंय, अजून दोन-अडीच महिने तरी राहील. खुर्चीत बसून लिहितोय.

तू आलीस त्यानंतरचं सगळं तुझ्यासमोर घडलं. त्याआधीच्या दिवसांचं तुला कोणी धड सांगितलेलं नाही. पंचनामा अर्धवट ठेवायची मला सवय नाही, म्हणून लिहितो.

प्रात्यक्षिकानंतर तिसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीनं घर पुसून काढलं. मी न्हाणीघरातून आलो आणि खुर्चीत बसलो. फरशीवर ओले ठसे उमटले. तिनं पुसले. मी पाणी प्यायला उठलो, पुन्हा उमटले. तिला वाटलं, मी पाय कोरडे केले नाहीत. मग तिच्या लक्षात आलं की ठसे फक्त डाव्या पायाचे आहेत, आणि पाण्याला असा रंग नसतो. ती ठशांच्या मागोमाग माझ्या खुर्चीपर्यंत आली, खाली बसली, माझा पाय उचलून पाहिला. उठली आणि खिडकी उघडली. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "वास येतोय." मला तोही येत नव्हता. "दुखतंय का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाही." आणि धाकटे, तेव्हासुद्धा मी ते अभिमानानं म्हणालो.

तिनं डॉक्टरांचं नाव काढलं. मी मास्तरांचा लेप पुढे केला. दोन दिवस असे गेले. मग ताप चढला. मास्तर समाचाराला आले, दारातूनच पाय पाहिला आणि म्हणाले, "विष बाहेर पडतंय. अडवू नका." तुझी वहिनी म्हणाली, "मास्तर, आधी तुम्ही बाहेर पडा." आमच्या संसारात तिनं पाहुण्याला असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर तिनं तुला फोन लावला आणि मला रिक्षात घातलं.

दुसरं बोट काळं पडलं होतं, ते गेलं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर बाकीचीही गेली असती, असं सर्जन म्हणाला. पट्टी बदलणारा एक तरुण मुलगा मला म्हणाला, "लोक इथे किंचाळतात हो, तुम्ही किती शांत आहात." क्षणभर मला वाटलं, हाही आता पदवी देतोय.

तू वॉर्डात माझ्याशी भांडलीस, नर्सबाईंनी तुला बाहेर काढेपर्यंत भांडलीस. ते ठीकच. पण एक गोष्ट तुला तोंडावर सांगता आली नाही. बोट गेल्याची मला लाज वाटत नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदा लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि त्या एका आजारासाठी होत्या. हे कळल्यावरसुद्धा त्या टाळ्या आठवल्या की मला बरं वाटतं. लाज त्याची वाटते.

दादा


३० मे

दादा,

मलाही एक पंचनामा लिहायचा आहे.

तुझं मार्चमधलं पत्र मी आमच्या विभागात मोठ्यानं वाचून दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत. साखर जमिनीत उतरते म्हटल्यावर आमच्यातली एक हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली. त्याच पत्रात 'मुंग्या पूर्ण बंद' असंही होतं. तेही मी मोठ्यानं वाचलं, आणि पुढे गेले. दिवसाला दहा अनोळखी माणसांना मी सांगते की मुंग्या थांबल्या तर आधी घाबरा. भावाच्या पत्रात मला फक्त गंमत दिसली. नंतर ऊस उगवल्याचा विनोद मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिला, चांगला जमावा म्हणून. तोच वेळ गाडी पकडायला वापरला असता तर आज तुला दहा बोटं असती. वॉर्डात मी जे ओरडत होते ते सगळं तुझ्यासाठी नव्हतं.

क्षमा वगैरे आपल्या घरात कोणी मागत नाही, तेव्हा सूचना देते. प्लॅस्टर कितीही खाजलं तरी आत फूटपट्टी घालायची नाही. उजव्या पायावर सगळा भार पडतोय, तोही रोज तपासायचा. तळवा दिसत नसेल तर आरसा खाली ठेव. अंघोळीचं पाणी पायानं नाही, कोपरानं बघायचं. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. नखं सरळ कापायची, कोपरे खणायचे नाहीत. साखर मोजून वहीत लिहायची. तुझं अक्षर चांगलं आहे.

सोबत एक डबी आहे. तिच्यात दांडीला लावलेला नायलॉनचा धागा आहे. आम्ही पायाची संवेदना यानंच तपासतो. त्वचेवर टेकवायचा आणि तो वाकला की थांबायचं. बरोबर दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो, ना कमी ना जास्त. तुझ्यासारख्या माणसाला हा बघायला तरी आवडेल, म्हणून पाठवतेय. चार-पाच पाय तपासून झाले की त्याला थोडी विश्रांती द्यायची असते.

धाकटी


१९ ऑक्टोबर

धाकटे,

साखर आधी सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. तीन महिन्यांची सरासरी साडेदहाच्या पुढे होती, ती सात पूर्णांक चारवर आली आहे. वही पाठवू का? शिक्के मारलेत.

प्लॅस्टर ऑगस्टमध्ये निघालं, जखम भरली. बूट खास बनवून मिळालेत. ते बदकासाठी शिवले असावेत आणि बदकानं परत केले असावेत असे दिसतात. पण घालतो.

सप्टेंबरात मंडळात गेलो. लोकांना खरं काय ते सांगायचं होतं. मास्तरांनी माइक हातात घेऊन माझी ओळख करून दिली, "अढळजींनी मंडळासाठी एक बोट दिलं." टाळ्या झाल्या. मी माइक घेतला. म्हणालो, "बोट दिलं नाही, गेलं. मला गरम लागत नव्हतं कारण माझ्या नसा मेल्यात. तुमच्यापैकी ज्यांना खडी टोचते त्यांनी घरी जाऊन पेढे वाटावेत, आणि ज्यांना टोचत नाही त्यांनी मला भेटावं." या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाषणानंतर अशी शांतता मी खात्यातही ऐकली नव्हती.

तुझा धागा घेऊन बागेतल्या बाकावर बसलो. पहिल्या दिवशी फक्त माळी आला, तोही मी त्याच्या झारीवर पाय ठेवला होता म्हणून. दुसऱ्या दिवशी न्यायाधीश बाई आल्या. डोळे मिटून त्यांनी प्रत्येक स्पर्शाला 'मान्य' असं म्हटलं. मग हळूहळू बाकीचे. महिन्याभरात सव्वीस जण तपासले, पाच जणांना धागा नीट कळला नाही. मी निदान करत नाही, फक्त चिठ्ठी देतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. त्यांतल्या दोघांना आपल्याला साखर आहे हेच माहीत नव्हतं. एक बँकेचे मॅनेजर. ते म्हणाले, "तुम्ही दुकानदारांनाही असेच छळायचात का?" मी म्हणालो, "याहून जास्त."

मंडळानं आता बूट घालून चालणं सुरू केलंय. ही कल्पना मास्तरांना ध्यानात सुचली, असं पत्रकात छापलंय. मधाचं पाणी ऐच्छिक झालंय.

मास्तर स्वतः मात्र बाकाकडे फिरकत नव्हते. गेल्या मंगळवारी आले. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "जरा माळ्याच्या खोलीत येता का?" आत गेलो. त्यांनी दार लावलं, खताच्या पोत्यावर बसले आणि पाय पुढे केला. "नुसतं बघा. उत्सुकता म्हणून."

मी डोळे मिटायला सांगितले. धागा टेकवला तेव्हा गप्प. दुसरीकडे टेकवला, गप्प. मग मी काहीच न करता बसलो, तेव्हा "हो, आता लागला" म्हणाले, आणि अगदी खात्रीनं म्हणाले. मी खूप खोटे तराजू पाहिले, पण रिकाम्या पारड्यात वजन दाखवणारा हा पहिलाच.

तुला वाटेल, मला आनंद झाला. मलाही वाटलं होतं, होईल. चार महिने प्लॅस्टरमध्ये बसून मी त्यांच्यासाठी एक भाषण तयार केलं होतं, पाठ होतं. पण त्यांच्या टाचेच्या भेगेत खडीचा एक दाणा रुतला होता, आणि त्याच्याभोवती कातडी वाढून गेली होती. किती दिवसांचा होता कोण जाणे. मी म्हणालो, "मास्तर, हे पाहिलंत का?" ते म्हणाले, "तळवे मला दिसत नाहीत हो. पोट आडवं येतं."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

भाषण राहून गेलं. माझ्या जुन्या चपला मागवून घेतल्या आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. साखर तीनशेच्या वर निघाली. अकरा वर्षांनी पायात काही घातल्यामुळे ते उंबऱ्याला तीनदा अडखळले.

आता रोज सकाळी आठला ते आमच्याकडे येतात. आम्ही दोघं सोफ्यावर शेजारीशेजारी बसून पाय स्टुलावर ठेवतो आणि पेपर अर्धा अर्धा वाटून घेतो. तुझी वहिनी टॉर्च घेऊन समोर बसते, चारही तळवे बघते, बोटांच्या बेचक्या बघते आणि मोठ्यानं मोजत जाते. मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. एकोणीस बोटं पुरी भरली की मग उठते आणि बिनसाखरेचा चहा ठेवते.

दादा